तीन तासांची बिदागी

कागद मुळात हिशेबाचा आहे. डोक्यावर 'अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स' या वादक संघटनेचे नाव. खाली रेकॉर्ड कंपनी, स्टुडिओचा पत्ता, तारीख, ध्वनिमुद्रण किती वाजता सुरू झाले आणि किती वाजता संपले ती वेळ. मग त्या दिवशी मुद्रित झालेल्या गाण्यांची नावे आणि क्रमांक. त्याखाली तक्ता: वादकाचे नाव, पत्ता, सामाजिक सुरक्षा क्रमांक, कामाचे तास, बिदागी, निवृत्तिवेतनासाठी कंपनीने भरायची रक्कम. वाद्यवृंदाचा म्होरक्या म्हणून ज्याचे नाव असेल त्याला दुप्पट. कोणी कोणते वाद्य वाजवले हे या कागदावरून बहुधा कळत नाही. हिशेबाला त्याची गरज नव्हती.

१९६० आणि १९७० च्या दशकांतले अमेरिकन पॉप आणि सॉफ्ट रॉक प्रत्यक्षात कोणाच्या हातांनी वाजले, हे आज छातीठोकपणे सांगता येते ते मुख्यतः या कागदांमुळे, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या करारपत्रांमुळे. तबकडीच्या वेष्टनावर चार देखणे तरुण आणि त्यांच्या बँडचे नाव. आत ड्रम वाजतात ते पस्तिशीतल्या, जॅझमध्ये मुरलेल्या, संध्याकाळी आणखी एका स्टुडिओत पोहोचायची घाई असलेल्या माणसाचे. वेष्टनावर ते छापायचे नाही, असा त्या धंद्याचा रिवाज होता. पण पैसे चुकते करायचे तर नाव लिहावेच लागे. म्हणून वेष्टन गप्प राहिले आणि हिशेबाचा कागद बोलला.

मराठी इतिहासाच्या वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. राजवाड्यांच्या काळापासून आपण अस्सल कागद आणि बखर यांत फरक करत आलो. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ वादकांच्या इतिहासातही दोन्ही आहेत. करारपत्रे, टेपांच्या पेट्यांवरच्या नोंदी, खुद्द टेपा हे अस्सल. आत्मचरित्रे, मुलाखती, माहितीपट या बखरी. बखर टाकाऊ नसते, पण तिच्यातला आकडा तपासून घ्यावा लागतो.

आधी हे कागद एवढ्या शिस्तीने का लिहिले गेले ते पाहू. संघटनेने १९४० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांशी मोठा झगडा केला. १९४२ पासून दोनेक वर्षे संघटनेच्या वादकांनी रेकॉर्डिंगवरच बहिष्कार टाकला होता. १९४८ मध्ये एक निधी उभा राहिला. विकल्या गेलेल्या तबकड्यांमागे कंपन्यांनी त्यात पैसे भरायचे आणि त्यातून देशभर मोफत कार्यक्रम करून कामाविना बसलेल्या वादकांना चार पैसे मिळवून द्यायचे. अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या दृष्टीने हा न्याय होता. लॉस एंजेलिसच्या वादकांना तो जाच वाटू लागला: वाजवायचे आम्ही, आणि फळ जायचे भलत्याच गावच्या उद्यानातल्या बँडला! १९५६ मध्ये ट्रंपेटवादक सेसिल रीड यांच्या पुढाकाराने तिथल्या शाखेत बंड झाले. १९५८ मध्ये वेगळी संघटना निघाली, १९६१ मध्ये ती पुन्हा मूळ संघटनेत मिसळली. या भांडणातून १९६४ मध्ये दुसरा निधी जन्मला, आणि त्याचे पैसे थेट रेकॉर्डिंग करणाऱ्या वादकांनाच मिळायचे ठरले. निवृत्तिवेतन निधी त्याआधीच, १९५९ मध्ये सुरू झाला होता. थोडक्यात, करारपत्रावर नाव असणे म्हणजे त्या दिवसाची बिदागी, दरवर्षीचा वाटा आणि म्हातारपणची सोय. कोण आपले नाव गाळू देईल?

१९६४ च्या या निधीच्या वाटपाचे सूत्र मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. वादकाचा वाटा ठरे तो त्याने मागच्या पाच वर्षांत किती बिदागी कमावली यावर. कोणती तबकडी किती खपली याचा त्याच्या वाट्याशी संबंध नव्हता. साठ लाख प्रती खपलेले गाणे आणि गोदामात धूळ खाणारे गाणे, दोन्हींचे तीन तास सारखेच.

तीन तास हे एकक. १९६६ च्या सुमारास त्या तीन तासांची किमान बिदागी साठ डॉलरच्या किंचित वर होती. तेवढ्या वेळात वापरता येण्याजोगे पंधरा मिनिटांचे संगीत मुद्रित करता येई, त्याहून जास्त नाही. वेळ लांबली की जादा पैसे, दुसरे वाद्य हाती घेतले की जादा पैसे. निर्मात्याच्या बाजूने हिशेब उघड आहे. कागद समोर ठेवताच वाचून वाजवणारा, दुसऱ्या टेकला चूक न करणारा माणूस महाग वाटला तरी स्वस्त पडतो. अठरा वर्षांच्या बँडवाल्यांना शिकवत बसण्यापेक्षा तर फारच स्वस्त.

२० जानेवारी १९६५ चे सत्र या गणिताचा सर्वांत गाजलेला दाखला आहे. स्थळ हॉलीवूडमधला कोलंबियाचा स्टुडिओ, निर्माता टेरी मेल्चर, बँड 'द बर्ड्‌स', गाणे बॉब डिलनचे 'मिस्टर टॅम्बुरिन मॅन'. बँडमध्ये पाच जण. त्यांतल्या एकट्या मॅग्विनने त्या दिवशी वाद्य हाती धरले, बारा तारांची गिटार. ड्रमवर हॅल ब्लेन, बास गिटारवर लॅरी नेक्टल, दुसऱ्या गिटारवर जेरी कोल, इलेक्ट्रिक पियानोवर लिऑन रसेल. रसेलचा पियानो अंतिम मिश्रणात ऐकूच येत नाही, आणि कान देऊन ऐकणाऱ्याला तो तिथे होता हे कधीच कळले नसते. जूनमध्ये ही तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. गाण्याच्या तोंडाशी घसरत उतरणारा बासचा जो स्वर आहे, तो नेक्टलचा. ज्या 'फोक रॉक'चा जन्म या गाण्यापासून मोजतात, त्याचा ताल आणि तळ बँडबाहेरच्या माणसांनी घातला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिला पुढे एक शेपूट चिकटले: बर्ड्‌सचा अख्खा पहिला अल्बमच भाडोत्री वादकांनी वाजवला. कागद हे मान्य करत नाही. भाडोत्री वादकांचे सत्र एकच होते. त्यात हे गाणे आणि तबकडीच्या मागच्या बाजूचे गाणे, अशी दोनच मुद्रित झाली. पुढचे सारे बँडने स्वतः वाजवले. मॅग्विन नंतर गमतीने सांगे की स्टुडिओ वादकांनी तीन तासांत दोन गाणी उरकली आणि आम्हाला 'टर्न! टर्न! टर्न!' साठी सत्त्याहत्तर टेक लागले. सत्त्याहत्तर हा आकडा मी बखरीतला मानतो. पण त्यातून निघणारा अर्थ अस्सल कागदाशी जुळतो, आणि तो बँडच्या बाजूचा आहे. वेळ लागला, तरी वाजवले त्यांनीच. पडद्यामागच्या वादकांची बाजू घेण्याच्या भरात पुढच्यांवर अन्याय होतो, तो असा.

मंकीजची गत वेगळी. तो बँड दूरचित्रवाणी मालिकेसाठी निवडलेल्या तरुणांचा, आणि सुरुवातीच्या अल्बमांवर त्यांच्याकडून मुख्यतः गाऊन घेतले गेले. १९६७ च्या आरंभी माइक नेस्मिथने नियतकालिकाच्या बातमीदारापुढे ते उघड बोलून टाकले, गहजब झाला, आणि त्याच वर्षी चौघांनी बरेचसे स्वतः वाजवलेला 'हेडक्वार्टर्स' काढला. त्यावर अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

आता बखरींकडे. त्यातली सर्वांत चटकदार हॅल ब्लेनची. १९२९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी जन्मलेल्या या ड्रमवादकाने १९९० मध्ये आत्मचरित्र काढले, आणि त्यातून या वादकांचे 'रेकिंग क्रू' हे नाव जगभर झाले. ब्लेनच्या सांगण्यानुसार, कोट-टाय घालून येणारे जुने स्टुडिओ वादक या जीन्सवाल्यांकडे बघून म्हणत, हे धंदा मोडीत काढणार. त्यातून हे नाव. बासवादक कॅरल के यांना ते मुळीच मान्य नाही. आपल्याला असे कोणी म्हणत नसे, हे ब्लेनने मागाहून चिकटवलेले नाव आहे, असे त्या सांगत आल्या. २०२५ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्यांची निवड केली, तेव्हा तो मान त्यांनी जाहीरपणे नाकारला आणि त्यातही या नावाचा राग बोलून दाखवला. करारपत्रांवर टोळीचे नाव नसतेच. तिथे एकेक माणूस असतो. या वादात त्यामुळे कागदाकडून निवाडा मागता येत नाही. पण ठरावीक वीस-तीस नावे आलटून पालटून शेकडो पत्रांवर दिसतात आणि त्यांची अदलाबदल सतत चालू असते. कायमचा असा संघ त्यात दिसत नाही. मला के यांचा आक्षेप निदान या अंगाने पटतो. 'क्रू' म्हटले की जहाजावर एकत्र चढलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. ही तर दिवसाला तीन वेगवेगळ्या जहाजांवर हजेरी लावणारी होती.

ब्लेन म्हणे, आपण पस्तीस हजार ध्वनिमुद्रणांत वाजवले. हिशेब करू. वर्षाचे तीनशे दिवस काम, अशी वीस वर्षे धरली तर रोज जवळपास सहा गाणी. दिवसात तीन सत्रे, प्रत्येकात दोन-तीन गाणी, हे त्या काळी अशक्य नव्हते. पण वीस वर्षे रोज? आकडा फुगलेला असावा. मात्र त्याच्या नावावरची दुसरी नोंद तपासता येते आणि ती टिकते: १९६६ ते १९७१ अशी सलग सहा वर्षे 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चे ग्रॅमी मिळवलेल्या सहाही तबकड्यांवर ड्रम त्याचे आहेत. हर्ब आल्पर्टचे 'अ टेस्ट ऑफ हनी', सिनात्राचे 'स्ट्रेंजर्स इन द नाइट', फिफ्थ डायमेन्शनची दोन गाणी, सायमन-गारफंकेलची दोन. सहा वर्षे गायक बदलले, शैली बदलली, ड्रमवादक तोच. ब्लेनने आपल्या नावाचा रबरी शिक्काही करून घेतला होता. 'हॅल ब्लेनने पुन्हा बाजी मारली' अशा अर्थाचा तो शिक्का तो समोरच्या नोटेशनवर आणि स्टुडिओच्या भिंतींवर उमटवी. मिरवण्याची हौस, दुसरे काय. पण त्या शिक्क्याचे जुने नोटेशन हाती लागले की संशोधकाला आयता पुरावा मिळतो.

गिटारवादक टॉमी टेडेस्कोची हौस निराळी. 'गिटार प्लेअर' मासिकात त्याचे 'स्टुडिओ लॉग' नावाचे सदर येई. सत्र कसले होते, समोर काय नोटेशन आले, कोणती तंतुवाद्ये हाती घेतली आणि शेवटी मिळाले किती, हे त्यात मोकळेपणाने असे. समकालीन, स्वतः लिहिलेले, पैशाच्या आकड्यासह. करारपत्र आणि आत्मचरित्र यांच्या मधल्या जागेत बसणारे असे साधन दुसरे क्वचित सापडते. त्याचा मुलगा डेनी याने वडील आजारी असताना या मंडळींच्या मुलाखती चित्रित करायला घेतल्या. 'द रेकिंग क्रू' हा माहितीपट २००८ मध्ये दाखवला गेला, पण त्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क सोडवता सोडवता चित्रपटगृहांत यायला २०१५ उजाडले. आपणच वाजवलेली गाणी आपल्याच माहितीपटात वापरायला सात वर्षे!

करारपत्र जे सांगत नाही ते टेप सांगते. बीच बॉईजचा 'पेट साउंड्स' मे १९६६ मध्ये आला. त्या वर्षी जानेवारीत बाकीचा बँड जपान आणि हवाईच्या दौऱ्यावर होता आणि बँडचा संगीतकार ब्रायन विल्सन लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओ वादकांना घेऊन बसला होता: वेस्टर्नचा छोटा तीन नंबरचा स्टुडिओ, गोल्ड स्टार, सनसेट साउंड. मूळ वेष्टनावर या वादकांचा पत्ता नाही. १९९७ मध्ये या सत्रांच्या टेपा संच म्हणून प्रसिद्ध झाल्या, आणि टेक सुरू होण्याआधीची खुर्च्यांची करकर, हसणे, विल्सनचे काचेपलीकडून थांबवणे, पुन्हा सुरू करणे हे सारे लोकांनी ऐकले. बीच बॉईजच्या अभ्यासकांनी मग करारपत्र एका हाताला आणि टेप दुसऱ्या हाताला ठेवून एकेका गाण्याची हजेरी लावली. कुठे कागदावर असलेला माणूस टेपवर नाही, कुठे टेपवर वाजणारे वाद्य कागदावरच्या कोणाचे हे ठरत नाही. 'वुडन्ट इट बी नाइस'मध्ये ज्या वाद्यांचा लोट गिटारचा वाटतो, त्यात दोन अकॉर्डियन आहेत, कार्ल फोर्टिना आणि फ्रँक मारोको यांचे.

'गॉड ओन्ली नोज'चे वाद्यसंगीत १० मार्च १९६६ रोजी वेस्टर्नमध्ये झाले. मधला वाद्यांचा तुकडा काही केल्या बसत नव्हता. तो लांबवून न वाजवता तोडून, तुटक वाजवावा, ही सूचना वादकांतून आली. ती पियानोवादक डॉन रँडी याची म्हणून ओळखली जाते. विल्सनने ती लगेच घेतली. आज त्या गाण्याचा तो तुकडा काढून टाकला तर गाणे लंगडे होईल. करारपत्रात मात्र त्या सूचनेला रकाना नाही. रचनेच्या श्रेयातही नाही. तीन तासांच्या बिदागीत ती धरली गेली.

म्हणून सगळे संगीत वादकांनीच रचले असे म्हणायचे का? इथे कॅरल के यांची साक्ष मोलाची आहे. १९६३ मध्ये एका सत्राला बासवादक आला नाही म्हणून गिटार सोडून त्या बासकडे वळल्या. पुढे बास गिटार शिकवणारे त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये आले आणि ते एका पिढीने वापरले. आपल्या कामाबद्दल त्या कधी संकोचाने बोललेल्या नाहीत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या काही गाजलेल्या गाण्यांतला बास आपला, असा त्यांचा दावा आहे, आणि तो मोटाउनच्या लोकांनी आणि अभ्यासकांनी जोरात खोडून काढला आहे. ती गाणी डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनची मानली जातात. त्याच के विल्सनच्या गाण्यांविषयी मात्र वर्षानुवर्षे एकच सांगत आल्या: माझे बासचे स्वर ब्रायननेच लिहून आणले होते. साक्षीदार स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे जास्त वजनाने घ्यावे, हा जुना नियम. मी तो इथे लावतो. विल्सनबरोबर काम करताना वादकांचा वाटा मुख्यतः नादाचा, नेमकेपणाचा आणि अधूनमधून सुचवण्याचा होता. इतरत्र तो बराच मोठा होता.

तो किती मोठा असू शकतो हे लॅरी नेक्टलवरून कळते. कॅलिफोर्नियातल्या बेल गावचा, १९४० चा जन्म. 'मिस्टर टॅम्बुरिन मॅन'वर त्याचा बास, सायमन-गारफंकेलच्या 'मिसेस रॉबिन्सन'वरही त्याचाच बास. वाद्य कोणते याचा त्याला फरक पडत नसे. त्यामुळे नुसत्या नावावरून त्या दिवशी त्याने काय वाजवले हे सांगणे धोक्याचे.

१९६९ मध्ये पॉल सायमनने 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' गिटारवर रचले. गॉस्पेलच्या अंगाचा पियानो हवा, एवढे त्याला ठाऊक होते. तो स्वतः पियानोवादक नव्हता. गाणे गिटारच्या सोयीच्या पट्टीत होते. ते गारफंकेलच्या गळ्याला आणि पियानोला मानवेल अशा ई फ्लॅटमध्ये आणले गेले, आणि नेक्टल व गारफंकेल यांनी पियानोपुढे बसून काही दिवसांत त्याची संपूर्ण साथ उभी केली: सुरुवातीचा संथ, चर्चमधल्यासारखा प्रवेश, ओळींच्या मधल्या जागा भरणारे चढउतार, शेवटाकडे चढत जाणारा डाव्या हाताचा जोर. मूळ गाणे दोन कडव्यांचे होते. तिसरे कडवे स्टुडिओतच आग्रहावरून लिहिले गेले, आणि तिथे पोहोचल्यावर ड्रम, जो ऑस्बॉर्नचा बास, तंतुवाद्ये असा सारा ताफा येतो. पहिली दोन कडवी मात्र जवळजवळ एका गळ्याची आणि एका पियानोची आहेत.

या गाण्याच्या कागदांत एक गमतीदार कागद आहे. तंतुवाद्यांसाठी लिहून आलेल्या नोटेशनवर गाण्याचे नाव 'लाइक अ पिचर ऑफ वॉटर' असे होते. नमुन्याच्या टेपवरून शब्द नीट ऐकू आले नसावेत. सायमनला तंतुवाद्यांचे ते काम फारसे रुचले नव्हते, पण हा कागद त्याने चौकटीत लावून ठेवला, असे तोच सांगे. एक माणूस गाण्याचे नावही न कळता त्याचे स्वर लिहून देऊ शकतो, आणि ते स्वर पुढे पन्नास वर्षे जग ऐकते. स्टुडिओतल्या कामाची याहून बोलकी नोंद मला दुसरी सापडलेली नाही.

फेब्रुवारी १९७० च्या शेवटी हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि सहा आठवडे तिथेच राहिले. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीत गायनाच्या साथीच्या सर्वोत्तम संयोजनाचा पुरस्कार याच गाण्याला मिळाला, आणि त्यावर पाच नावे होती: सायमन, गारफंकेल, जिमी हॅस्केल, अर्नी फ्रीमन आणि लॅरी नेक्टल. भाडोत्री म्हणून आलेल्या वादकाचे नाव संयोजक म्हणून अधिकृतपणे लिहिले गेल्याचा हा दुर्मिळ प्रसंग. गीत-संगीताचा हक्क अर्थातच एकट्या सायमनचा आहे आणि कायद्याने तो बरोबरही आहे. पण सॉफ्ट रॉक ज्याला म्हणतात, म्हणजे पियानो पुढे, ड्रम उशिरा, आवाज हळू हळू फुगत जाणारा असा बाज, त्याचा नमुना पुढच्या दशकाने उचलला तो या पियानोवरून, आणि त्याची मोजणी झाली ती सत्रांच्या हिशेबाने.

याच जो ऑस्बॉर्नच्या घरी, गॅरेजमध्ये, एक छोटा स्टुडिओ होता. १९६६ मध्ये तिथे सोळा वर्षांची कॅरन कार्पेंटर गायली आणि ऑस्बॉर्नने आपल्या 'मॅजिक लॅम्प' या चिमुकल्या कंपनीसाठी तिला करारबद्ध केले. तेव्हा ती स्वतःला आधी ड्रमवादक समजत असे. चार वर्षांनी 'क्लोज टू यू' तयार होत होते तेव्हाची हकीकत भाऊ रिचर्डने सांगितली आहे. पहिल्या प्रयत्नात ड्रम कॅरनचे. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा सहमालक हर्ब आल्पर्ट याला ते हलके वाटले. मग ब्लेनला बोलावले, आणि पियानोला नेक्टलला. नेक्टलचा हात या गाण्याला जड पडला. अखेर ड्रमवर ब्लेन आणि पियानोवर पुन्हा रिचर्ड अशी जोडी बसली. जुलै १९७० मध्ये ते गाणे पहिल्या क्रमांकावर होते. ही रिचर्डची आठवण असल्याने ती बखरीच्या खात्यात जाते. पण तिच्यातली एक गोष्ट मला खरी वाटते: फसलेला प्रयत्न. 'ब्रिज'चा पियानो उभा करणारा माणूस काही महिन्यांनी एका हळव्या गाण्यात नाकारला गेला, कारण तिथे रिचर्डचा साधा, बेताचा हात हवा होता. अव्वल वादक आणला की काम फत्ते, हे समीकरण इथे मोडते. कार्पेंटर्सच्या नादात ऑस्बॉर्नचा बास मात्र शेवटपर्यंत राहिला. प्लेक्ट्रमने छेडलेला, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारांचा तो ठसठशीत स्वर त्यांच्या मऊ गाण्यांना कणा देतो.

नेक्टलने १९७१ मध्ये निनावीपण सोडले आणि तो 'ब्रेड' या सॉफ्ट रॉक बँडचा सभासद झाला. १९७२ च्या 'द गिटार मॅन'मधली गिटार त्याची. त्याच सुमारास वेष्टनेही बोलू लागली होती. मोटाउनने आपल्या वादकांची नावे प्रथम छापली ती मार्विन गे याच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, आणि त्यात जेमर्सनच्या नावामागे 'अतुलनीय' हे विशेषणही लावले. जेम्स टेलरच्या तबकड्यांवर रस कुंकेल, लीलँड स्क्लार, डॅनी कॉर्चमार ही नावे ठळक आली. ग्राहक ती वाचून दुसऱ्या तबकड्या घेऊ लागले. पुढे जेफ पोर्कारो, डेव्हिड पेच अशा स्टुडिओ वादकांनी स्वतःचाच 'टोटो' बँड काढला. वेष्टन वाचून इतिहास लिहिता येईल असा काळ आला, आणि अभ्यासकाचे काम सोपे झाले. थोडे कंटाळवाणेही.

जुन्या कागदांचे काम मात्र संपलेले नाही. उलट वाढले. अमेरिकेत १९९५ मध्ये डिजिटल प्रसारणाचे मानधन देणारा कायदा झाला. त्यात ध्वनिमुद्रणातल्या मुख्य कलाकार नसलेल्या वादकांसाठी अडीच टक्के आणि तशाच गायकांसाठी अडीच टक्के राखून ठेवले आहेत. साध्या रेडिओला हा कायदा लागू नाही. १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे संघराज्याच्या कॉपीराइटच्या कक्षेत नव्हती. २०१८ च्या कायद्याने तीही या मानधनात आणली. म्हणजे या लेखातली जवळजवळ सगळी गाणी. वाटप करायचे तर कोणत्या गाण्यात कोण होते हे ठरवावे लागते, आणि संबंधित निधीच्या कचेरीत त्यासाठी तीच जुनी करारपत्रे, वेष्टने आणि स्टुडिओतल्या नोंदी चाळल्या जातात. जुने गाणे चित्रपटात किंवा जाहिरातीत वापरले तरीही पैसे निघतात ते मूळ करारपत्रावरच्या नावांना. त्यामुळे कागदावर नाव आहे पण वाजवले नाही, वाजवले पण नाव नाही, ऐकू येत नाही पण नाव आहे, असे जे प्रश्न अभ्यासकांना हौसेचे वाटत, ते आता वारसांच्या धनादेशांचे झाले आहेत. नेक्टल २००९ मध्ये गेला, ब्लेन २०१९ मध्ये.